'बॅड शुगर' : मधुमेहावरील एका लघु माहितीपटाची चित्रभाषा

प्रस्तावना

इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिन, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्ताने विद्यार्थ्यांकडून पाच-सात मिनिटांचे माहितीपट करवून घेण्याची पद्धत आता अनेक महाविद्यालयांत रुळली आहे. असे माहितीपट ज्यांनी तपासले असतील त्यांना त्यांतील दृश्यक्रम तोंडपाठ झाला असेल. प्रथम उकळत्या तेलातील जिलेबी, अगदी जवळून. नंतर रस्त्याने चाललेला एक स्थूल माणूस, मानेपासून खाली. मग पांढरा कोट घातलेले डॉक्टर, पथ्याची यादी, आणि अखेरीस सकाळी मैदानावर चालणारी मंडळी.

या माहितीपटांच्या निवेदनात रुग्णाला कोठेही दोष दिलेला नसतो. तरीही पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ते एवढेच की, याने खाल्ले, याला झाले. आता याने चालावे. हा अर्थ शब्दांतून आलेला नसतो, तो दृश्यांच्या क्रमातून येतो. म्हणूनच आरोग्यविषयक माहितीपटाच्या बाबतीत तंत्राचा प्रश्न आशयाहून वेगळा काढता येत नाही. कॅमेरा कोठे ठेवला आणि कोणत्या दृश्यानंतर कोणते दृश्य जोडले, यावर आजाराचे कारण ठरते.

हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात 'बॅड शुगर' या सुमारे अर्ध्या तासाच्या अमेरिकन माहितीपटाचा विचार केला आहे. जेम्स फोर्टियर यांनी दिग्दर्शित केलेला हा माहितीपट 'अननॅचरल कॉजेस' या सात भागांच्या मालिकेतील चौथा भाग होय. कॅलिफोर्निया न्यूजरील या संस्थेने निर्माण केलेली ही मालिका २००८ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून प्रसारित झाली. विषमता माणसांना आजारी पाडते काय, हा संपूर्ण मालिकेचा प्रश्न आहे. 'बॅड शुगर' तो प्रश्न दक्षिण ॲरिझोनातील दोन आदिवासी समाजांपुढे नेतो. एक पिमा, जे स्वतःला नदीकाठचे लोक म्हणवतात, आणि दुसरा त्यांचाच भाऊबंद असलेला वाळवंटातील तोहोनो ओओधम समाज.

कोड्याची रचना

माहितीपटाची मांडणी रहस्यकथेसारखी आहे. आरंभी एक वस्तुस्थिती ठेवली जाते : या समाजांतील जवळजवळ निम्म्या प्रौढांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे, आणि हे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांत मोडते. लगेच तिच्या शेजारी दुसरी वस्तुस्थिती येते. शंभर वर्षांपूर्वी याच लोकांत हा आजार जवळपास अज्ञात होता. मध्ये काय घडले?

रहस्यकथेत जसे एकेक संशयित पुढे आणून सोडून दिले जातात, तसे येथे होते. पहिला संशयित आहे जनुक. १९६२ मध्ये जेम्स नील या आनुवंशशास्त्रज्ञाने अशी कल्पना मांडली होती की, दुष्काळाला वारंवार तोंड देणाऱ्या समाजांत अन्न साठवून ठेवणारी शरीरप्रकृती टिकून राहते आणि सुबत्तेच्या काळात तीच घातक ठरते. मराठीत याला 'काटकसरी जनुकाची कल्पना' म्हणता येईल. १९६० च्या दशकापासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संशोधक पिमांची तपासणी करीत आले. रक्त घेतले गेले, वजने घेतली गेली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी झाल्या. मधुमेहाविषयी जगाला जे ज्ञान मिळाले त्यात या लोकांच्या रक्ताचा मोठा वाटा आहे. मात्र त्यांच्यातील आजार वाढतच राहिला. माहितीपट ही विसंगती दाखवतो, तिच्यावर भाष्य करण्याची घाई करीत नाही, आणि तेथेच तिचा परिणाम होतो.

दुसरा संशयित आहे वर्तन, म्हणजे खाणे आणि आळस. आपले विद्यार्थी ज्या ठिकाणी थांबतात ते हे ठिकाण. 'बॅड शुगर' येथे थांबत नाही. तो विचारतो की, ताटात जे आहे ते ताटात आले कोठून?

आणि मग नदी येते.

ही रचना सोपी वाटते, पण तिच्यात एक महत्त्वाचा तांत्रिक निर्णय आहे. इतिहास आधी सांगून मग आजार दाखवला असता तर माहितीपट सरळ कालानुक्रमे गेला असता आणि तो इतिहासाचा पाठ झाला असता. दिग्दर्शकाने वर्तमानातील रुग्णापासून सुरुवात करून मागे जाण्याचा मार्ग घेतला. त्यामुळे प्रेक्षक नदीच्या कथेकडे येतो तेव्हा त्याच्या मनात एक माणूस आणि त्याचा आजार आधीच बसलेला असतो. आता पाण्याविषयी जे काही सांगितले जाईल ते तो त्या माणसाच्या शरीराविषयी ऐकणार असतो.

चित्रपटाच्या अभ्यासकांना येथे कुलेशॉव्हच्या प्रयोगाची आठवण होईल. या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा आलटून पालटून सुपाची ताटली, शवपेटीतील मूल आणि एक स्त्री यांच्या दृश्यांशी जोडला. चेहरा एकच होता, पण प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक, कधी अभिलाषा. आपल्याकडील माहितीपटांत रुग्णाच्या दृश्याशेजारी जिलेबी येते. 'बॅड शुगर'मध्ये त्याच जागी हिला नदीचे कोरडे पात्र येते. रुग्ण तोच, मधुमेह तोच. अर्थ मात्र बदलतो.

पाणी कसे दाखवावे?

नदीची कथा मुळातच विलक्षण आहे, आणि ती ठाऊक असल्याशिवाय माहितीपटाचे तंत्र समजणार नाही. वाळवंटात राहूनही पिमा हे कालव्यांवर शेती करणारे लोक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधात निघालेले प्रवासी त्यांच्या गावांतून जात, तेव्हा पिमांच्या गव्हावर त्यांचे पोट भरे. सैन्यालाही त्यांनी धान्य पुरवले. नंतर वरच्या अंगाला गोऱ्यांच्या वसाहती झाल्या, कालवे निघाले आणि हिलाचे पाणी खाली पोहोचेनासे झाले. साधारणतः १८७० ते १९१० हा काळ पिमांच्या इतिहासात उपासमारीचा काळ म्हणून ओळखला जातो. १९३० मध्ये कूलिज धरणाचे उद्घाटन झाले. धरण बांधताना पिमांच्या शेतीला पाणी मिळेल असे आश्वासन होते, पण ते पुरेसे पाणी कधी आले नाही. शेती मोडली. गव्हाचे पीठ, चरबी, चीज, डबाबंद अन्न असे सरकारी शिलकी माल राखीव प्रदेशांत वाटला जाऊ लागला. त्या पिठाची आणि त्या चरबीची जी तळलेली जाड रोटी तयार झाली, ती आज बाहेरच्या जगाला 'आदिवासींचे पारंपरिक खाद्य' म्हणून माहीत आहे.

या शेवटच्या वाक्याशी क्षणभर थांबावेसे वाटते. परंपरा म्हणून जे समोर येते ते किती जुने आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही. तळणीतील रोटीचे दृश्य घेतले आणि त्यावर लोकसंगीत ठेवले की ती परंपरा होते. त्याच दृश्याआधी सरकारी पिठाची पोती दाखवली तर ती उपासमारीची खूण होते. माहितीपट करणाऱ्याच्या हाती असलेली सत्ता ती हीच.

आता तांत्रिक अडचण पाहा. पाणी नाहीसे होणे ही शंभर वर्षांत, कागदोपत्री आणि कालव्या-कालव्याने झालेली गोष्ट आहे. ती घडताना कोणी चित्रित केलेली नाही. अनुपस्थिती हा कॅमेऱ्याचा विषयच नव्हे, कारण कॅमेरा जे आहे तेच टिपतो. यावर माहितीपटाच्या परंपरेत तीन उपाय आहेत : जुनी छायाचित्रे, आजच्या भूप्रदेशाची दृश्ये आणि आठवणी सांगणारा माणूस. 'बॅड शुगर' या तिन्हींचा आधार घेतो.

पैकी भूप्रदेशाचा उपयोग मला सर्वांत प्रभावी वाटतो. कोरड्या पात्राचे दृश्य एकटे असते तर ते केवळ वाळवंटाचे दृश्य झाले असते, कारण ॲरिझोनात सगळेच कोरडे असणार असे आपण गृहीत धरतो. त्याला अर्थ येतो तो विरोधातून. याच प्रदेशात कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने फिनिक्स आणि टूसॉन या शहरांकडे वाहून नेले जाते. पाणी आहे, कोणाकडे आहे एवढाच प्रश्न आहे, हे त्यामुळे पटते. १९३८ मध्ये पेअर लॉरेन्ट्झ यांनी अमेरिकन सरकारसाठी 'द रिव्हर' हा मिसिसिपी नदीवरील प्रसिद्ध माहितीपट केला, त्यात धरणे हा प्रश्नाचा शेवट होता, मुक्तीचा मार्ग होता. सत्तर वर्षांनी आलेल्या 'बॅड शुगर'ने धरणाकडे खालच्या अंगाने पाहिले आहे. अमेरिकन माहितीपटाच्या इतिहासात हा बदल लहान नाही.

जुन्या छायाचित्रांविषयी मात्र शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सावध करायला हवे. अमेरिकेतील आदिवासींची जुनी छायाचित्रे बहुधा सरकारी अधिकाऱ्यांनी, मानववंश-अभ्यासकांनी किंवा व्यावसायिक छायाचित्रकारांनी काढलेली असतात. एडवर्ड कर्टिस हे त्यांतील सर्वांत ख्यातनाम. त्यांच्या एका चित्रात तंबूत बसलेल्या दोघांच्या मध्ये असलेले घड्याळ छपाईच्या वेळी पुसून टाकले गेले, कारण आदिवासींजवळ घड्याळ असणे लोकांच्या कल्पनेत बसत नव्हते. अशा संग्रहांतून घेतलेले कोणतेही चित्र 'पूर्वी असे होते' याचा निखळ पुरावा होऊ शकत नाही. पिमा हे गहू विकणारे, बाजार जाणणारे शेतकरी होते. छायाचित्रात ते केवळ निसर्गपुत्र दिसले तर माहितीपटाचा स्वतःचाच मुद्दा दुबळा होतो. हे भान अशा माहितीपटांत क्वचितच बोलून दाखवले जाते, आणि 'बॅड शुगर'ही पुराव्याचीच चिकित्सा करण्याच्या जातीचा माहितीपट नाही.

शरीर की भूमी?

'बॅड शुगर'चे वेगळेपण नीट दिसावे म्हणून त्याच्या चारच वर्षे आधी, २००४ मध्ये आलेल्या 'सुपर साइझ मी' या पूर्ण लांबीच्या माहितीपटाशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. तो थेट मधुमेहावर नसला तरी लठ्ठपणा आणि बाजारी अन्न हाच त्याचा विषय. मॉर्गन स्परलॉक या दिग्दर्शकाने ३० दिवस केवळ मॅकडोनाल्ड्सचे अन्न खाल्ले आणि स्वतःच्या शरीरावर काय होते ते चित्रित केले. त्याचे वजन ११ किलोंनी वाढले. तंत्र अत्यंत परिणामकारक होते. रोजचा दिवस, रोजचे ताट, वजनाचा काटा आणि दर टप्प्यावर डॉक्टरांची वाढती चिंता. प्रेक्षक हसतो, किळसतो आणि शेवटपर्यंत बसून राहतो.

पण शरीर हीच प्रयोगशाळा केल्यावर त्या शरीरातील बाकीच्या गोष्टी लपवता येत नाहीत. २०१७ मध्ये स्परलॉकने आपल्या दीर्घकालीन मद्यपानाची जाहीर वाच्यता केली, आणि माहितीपटात यकृताविषयी काढलेल्या अनुमानांवर मोठेच प्रश्नचिन्ह उमटले. एका माणसावर उभा केलेला युक्तिवाद त्या माणसाबरोबर डळमळला. 'बॅड शुगर'मध्ये असे नाट्य नाही. वजनाचा काटा नाही, तीस दिवसांची मुदत नाही. त्यात घडणारा बदल एका शतकाचा आहे आणि त्याचा खरा रुग्ण म्हणजे भूमी. त्यामुळे तो 'सुपर साइझ मी'इतका रंजक नाही हे मान्य केले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांना त्याची पहिली दहा मिनिटे संथ वाटतात. परंतु त्याचा युक्तिवाद एका व्यक्तीच्या खरेखोटेपणावर टांगलेला नाही.

आवाज कोणाचा?

माहितीपटाचे अभ्यासक बिल निकोल्स यांनी माहितीपटांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी 'बॅड शुगर' हा निवेदनप्रधान प्रकारात मोडतो. अदृश्य निवेदक युक्तिवाद पुढे नेतो, तज्ज्ञ त्याला दुजोरा देतात, लोक आपला अनुभव सांगतात आणि दृश्ये पुरावा म्हणून येतात. हा प्रकार जुना आहे. त्याचा धोका असा की, निवेदकाला सर्व काही आधीच ठाऊक असते आणि पडद्यावरील माणसे त्याच्या वाक्यांची उदाहरणे होऊन राहतात.

लंडनच्या झोपडवस्तीवरील 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' या १९३५ च्या माहितीपटात रहिवासी प्रथमच कॅमेऱ्याकडे पाहून आपली गाऱ्हाणी स्वतः सांगतात. गरिबांना बोलते करणारा हा माहितीपट थोर मानला जातो आणि ते योग्यच आहे. मात्र त्याला पैसा पुरवला होता गॅस व्यवसायाच्या संघटनेने, आणि नव्या घरांत गॅस वापरला जाणार होता. माणूस बोलतो म्हणजे माहितीपट त्याचाच होतो असे नाही, एवढे यावरून ध्यानात ठेवावे.

'बॅड शुगर'मध्ये या प्रश्नाचे अंशतः उत्तर मिळते ते टेरॉल ड्यू जॉन्सन यांच्या रूपाने. तोहोनो ओओधम समाजातील हे नामांकित टोपली-विणकर; त्यांना स्वतःला मधुमेह होता, आणि १९९६ मध्ये स्थापन झालेल्या एका समाजसंस्थेचे ते सहसंस्थापक होते. वाळवंटात पावसाच्या पुरावर पिकणारी टेपरी ही कडधान्याची जात आणि इतर जुनी पिके पुन्हा शेतात व ताटात आणणे हे त्या संस्थेचे काम. ते पडद्यावर येतात तेव्हा रुग्ण, कलावंत आणि कार्यकर्ता या तिन्ही भूमिका एका माणसात एकवटलेल्या असतात. आपल्या आजाराचा अर्थ ते स्वतः लावतात. सांगणारा आणि ज्याच्याविषयी सांगायचे तो, यांतील अंतर त्या वेळी पुष्कळ कमी होते. चार तज्ज्ञांच्या मुलाखती जे करू शकत नाहीत ते अशा एका पात्राच्या निवडीने साधते. पात्रनिवड हेही माहितीपटाचे तंत्रच आहे, ही गोष्ट अभ्यासक्रमात सहसा शिकवली जात नाही.

शीर्षकाविषयी एक टिपण येथेच करतो. अमेरिकेत सामान्य लोक मधुमेहाला नुसते 'शुगर' म्हणतात. आपल्याकडेही 'मला शुगर आहे' असेच म्हणण्याचा प्रघात आहे. बेळगावच्या कानडी शेजाऱ्याच्या 'सक्करे कायिले'त आणि हैदराबादच्या 'शक्कर की बीमारी'तही साखरच आहे. शुभ बोलणाऱ्याच्या तोंडात साखर पडो म्हणणाऱ्या मराठीत 'वाईट साखर' हे शब्द कानाला जरा खटकतात. तो खटका मूळ शीर्षकातही अभिप्रेत असावा. साखर रक्तातली वाईट की पुरवणारा हात वाईट, हे शीर्षक सांगत नाही.

दवाखाना कोठे गेला?

आता माझा मुख्य आक्षेप. केवळ वैद्यकीय उपायांनी ही लाट थोपवता येणार नाही, हा या माहितीपटाचा आणि एकूण मालिकेचा पक्ष आहे. तो पक्ष खोटा नाही. मेक्सिकोतील सोनोरा प्रांतात डोंगराळ भागात राहणारे पिमा हे ॲरिझोनातील पिमांचे रक्ताचे नातेवाईक होत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ६.९ टक्के आढळले, तर ॲरिझोनात ते ३८ टक्के होते. जनुक जवळचे आणि जगणे वेगळे असले की काय होते याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. रहस्यकथेतील पहिला संशयित एकट्याने गुन्हा करू शकत नव्हता, हे या आकड्यांवरून मानावे लागते.

परंतु रहस्यकथेच्या रचनेला एक गुन्हेगार लागतो, आणि तो सापडला की बाकीचे सारे बिनमहत्त्वाचे ठरते. 'बॅड शुगर'मध्ये दवाखाना हा असा मागे पडलेला घटक आहे. तो येतो तो मुख्यतः अपयशाचे ठिकाण म्हणून. पुढे काय झाले ते पाहावे. १९९७ मध्ये अमेरिकन संसदेने आदिवासींसाठी मधुमेहाचा खास कार्यक्रम सुरू केला. वस्तीपातळीवरील पथके, नियमित तपासण्या, रक्तदाबावर नियंत्रण आणि मूत्रपिंडाचे रक्षण करणारी औषधे यांवर त्याचा भर होता. १९९६ ते २०१३ या काळात अमेरिकेतील आदिवासींमध्ये मधुमेहामुळे मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांनी घटले. ही माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणून तिच्या अभावाबद्दल २००८ च्या माहितीपटाला दोष देता येणार नाही. पण या काळातील निम्म्याहून अधिक वर्षे प्रदर्शनापूर्वीची आहेत. दवाखान्यांत काही तरी चांगले घडत होते, आणि नदीच्या कथेचा ओघ एवढा बलवान होता की कॅमेरा तिकडे वळला नाही.

हा आक्षेप केवळ समतोलाच्या हौसेने घेतलेला नाही. आपल्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या घरी कोणाला तरी मधुमेह असण्याची शक्यता आज मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे १० कोटी लोकांना. आणि राज्यांत सर्वांत वर आहे गोवा, २६.४ टक्के. अशा विद्यार्थ्याने 'बॅड शुगर' पाहून घरी जावे आणि 'अम्मी, तुमचा काही दोष नाही' असे सांगावे, हे उत्तमच. पण 'डोळे आणि पाय वर्षातून एकदा तपासून घ्या' हेही त्याने सांगायला हवे, आणि ते वाक्य हा माहितीपट त्याच्या तोंडी देत नाही.

शेवटचा भागही याच कारणाने थोडा घाईचा वाटतो. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २००४ च्या कायद्याने हिला नदीवरील आदिवासी समाजाला दरवर्षी सरासरी ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मिळाला. नुसता आकडा कळत नाही म्हणून सांगतो की, एक एकर-फूट म्हणजे सुमारे बारा लाख लिटर. हा विजय खरोखर मोठा होता. माहितीपट या टप्प्यावर येऊन आशेने संपतो. पाणी आले की शेती येईल, शेती आली की पूर्वीचे अन्न येईल, अन्न आले की आजार ओसरेल, ही साखळी तर्काला धरून आहे. मात्र मागे जाताना प्रत्येक दुव्यासाठी पुरावा देणारा माहितीपट पुढे जाताना केवळ भावनेवर चालतो. परतलेल्या पाण्यावर कापूस आणि जनावरांचा चारा पिकला तर टेपरीचे काय, हा प्रश्न विचारायला तो थांबत नाही.

आपल्या भूमीवर

'बॅड शुगर'ची रचना जशीच्या तशी उचलून आपल्याकडे लावण्याचा मोह टाळावा. त्याचे कारण पुण्यात सापडते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील बाळे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जन्मतः बरीच हलकी होती, सुमारे २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो, पण त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती, कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते, शरीरभार निर्देशांक २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. मात्र युडकिन यांच्या शरीरातील चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

चित्रपट शिकवणाऱ्या शिक्षकाने हे छायाचित्र पहिल्याच तासाला दाखवावे असे मला वाटते. डोळ्याला दिसते ते खरे, या माहितीपटाच्या मूळ श्रद्धेलाच ते धक्का देते. मधुमेह म्हणजे सुटलेले पोट, असे समजून मानेपासून खाली चित्रित केलेला तो स्थूल माणूस आपल्याकडच्या आजाराचा प्रतिनिधी असेलच असे नाही. तो आजार शेतात राबलेल्या किडकिडीत आईच्या पोटातही सुरू झालेला असू शकतो. असल्या गोष्टी दाखवायच्या तर कॅमेऱ्याला 'बॅड शुगर'प्रमाणे मागेच जावे लागेल. मात्र मागे जाऊन सापडणारी नदी वेगळी असेल. कोठे ती ज्वारीच्या रानात शिरलेल्या उसाची असेल, कोठे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी राहण्याची.

वर्गात हा माहितीपट दाखवताना मराठीतून तोंडी समजावत जावे लागते, आणि खरी अडचण येते ती सरकारी अन्नवाटपासाठी वापरलेल्या शब्दाशी. इंग्रजीत त्यासाठी 'कमॉडिटी' हा शब्द आहे. 'वस्तू' म्हटले तर काहीच कळत नाही, 'मदत' म्हटले तर उपकार वाटतो. 'रेशन' म्हटल्याबरोबर सारा वर्ग मान डोलावतो, आणि गहू-तांदूळ आले तशी घरची भाकरी कशी कमी झाली हे कोणी तरी आपणहून सांगू लागतो. शब्द पूर्ण जुळत नाही. तिकडे शेतकऱ्यांचा उरलेला माल संपवणे हा हेतू मोठा होता, इकडे भुकेल्याला स्वस्तात धान्य देणे हा. आणि रेशन नसते तर आपल्यातील किती घरांत चूल पेटली नसती हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही मी तोच शब्द वापरतो आणि माहितीपट तेथे थांबवून हा फरक फळ्यावर मांडतो. त्या दिवशी पुढचा भाग बहुधा राहूनच जातो.